इम्पॅक्ट फॅक्टर ७.८४२? आधी विचारा, तो मोजला कोणी

बडोद्यात अन्न व पोषण या विषयात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिला एका जर्नलची ईमेल आली: ‘ताजा इम्पॅक्ट फॅक्टर ७.८४२, पाच दिवसांत प्रसिद्धी, फी १,८०० रुपये.’ गाइडचं म्हणणं, पेपर क्यू-वन, म्हणजे विषयातल्या वरच्या पाव भागातल्या, जर्नलमध्येच द्यायचा. घरी तिचा मावसभाऊ संस्कृत हस्तलिखितांवर काम करतो. गूगल स्कॉलरवर त्याचा एच-इंडेक्स (पेपर किती आणि त्यांना संदर्भ किती यांवरून काढलेला आकडा) १ दिसतो आणि हिचा ४, त्यामुळे तो मागे पडला असं घरातल्यांना वाटतं. तिला विचारायचंय की या आकड्यांवर किती विसंबावं आणि जर्नलची पारख करावी कशी.

बडोद्याच्या विद्यापीठीय ग्रंथालयात माझं बरंच आयुष्य गेलं आहे, आणि हल्ली संशोधक विद्यार्थी पुस्तकांपेक्षा याच प्रश्नासाठी जास्त येतात. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

ताई, त्या ईमेलचं आधी सांगते. तिथे पेपर पाठवू नका. नुसता आकडा बघूनच शंका यायला हवी. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलमधल्या लेखांना दुसऱ्या पेपरांत सरासरी किती संदर्भ मिळाले, त्याचा आकडा. इम्पॅक्ट फॅक्टर या नावाने जो आकडा जगभर मानला जातो तो क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते, जर्नल सायटेशन रिपोर्ट्स या वार्षिक अहवालात, साधारण जून महिन्यात. २०२३ च्या अहवालापासून त्यांनी दशांशचिन्हापुढचे तीन अंक छापणं बंद केलं, आता एकच अंक असतो. म्हणजे ‘ताजा’ म्हणून ७.८४२ कोणी दाखवत असेल, तर तो आकडा क्लॅरिव्हेटचा असू शकत नाही. मग तो कोणाचा? इम्पॅक्ट फॅक्टर, इम्पॅक्ट व्हॅल्यू, सायंटिफिक इंडेक्स अशा नावांनी जर्नलांना पैसे घेऊन आकडे देणाऱ्या संकेतस्थळांचा एक वेगळाच धंदा आहे. मोजणी कशात केली, कोणत्या वर्षांची केली, हे तिथे सापडतच नाही. काही ठिकाणी जर्नलवाल्यांकडून एक फॉर्म भरून घेतात, नियमित निघतं का, संपादक मंडळ आहे का, आणि त्यावर गुण देऊन त्यालाच ‘फॅक्टर’ म्हणतात. त्यात सायटेशन, म्हणजे दुसऱ्या पेपरांनी दिलेला संदर्भ, नावालाही नसतं.

दुसरी खूण म्हणजे ते पाच दिवस. तुमचा पेपर दोन समीक्षकांनी वाचायचा, शेरे लिहायचे, तुम्ही उत्तर द्यायचं, संपादकाने पुन्हा बघायचं. हे पाच दिवसांत होत नाही. फी घेतात म्हणून जर्नल खोटं, असं मात्र समजू नका. मुक्त प्रवेशाची, म्हणजे वाचकाला फुकट वाचता येणारी, कितीतरी चांगली जर्नलं लेखकाकडून फी घेतात, आणि ती बरीच जास्त असते. फसवणूक फीमध्ये नाही, न झालेल्या समीक्षणात आहे. २०१३ साली ‘सायन्स’साठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने एक बनावट पेपर ३०४ मुक्त प्रवेश जर्नलांकडे पाठवला होता. त्यातल्या चुका रसायनशास्त्राची जुजबी ओळख असलेल्यालाही दिसाव्यात इतक्या ढळढळीत होत्या. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला.

आता खऱ्या इम्पॅक्ट फॅक्टरकडे येते, कारण तुमच्या गाइडच्या मनात तो आहे.

हा आकडा माणसांना गुण देण्यासाठी जन्मलेलाच नाही, तो आम्हा ग्रंथपालांच्या अडचणीतून आला. १९२७ साली अमेरिकेत ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांनी एक साधा प्रश्न घेतला: छोट्या कॉलेजच्या ग्रंथालयाने थोड्या पैशांत रसायनशास्त्राची कोणती नियतकालिकं घ्यावीत? त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलचा १९२६ चा खंड घेतला, त्यातले ३,६३३ संदर्भ मोजले आणि कोणत्या नियतकालिकाचं नाव किती वेळा येतं त्याची यादी केली. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचे ग्रंथपाल अमेरिकेतून बोलावून गावोगावी वाचनालयं उभी केली, तिथल्या ग्रंथपालाला हा प्रश्न लगेच आपला वाटतो. पुढे यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये संदर्भांची सूची करायची कल्पना मांडली, साठच्या दशकात सायन्स सायटेशन इंडेक्स काढला, आणि त्या सूचीत कोणती जर्नलं घ्यायची हे ठरवताना इम्पॅक्ट फॅक्टर वापरात आला. जर्नल सायटेशन रिपोर्ट्स १९७५ पासून निघू लागले. म्हणजे मूळ हेतू होता कोणतं जर्नल विकत घ्यावं, कोणतं सूचीत धरावं, एवढाच.

हिशेब सोपा आहे. २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर काढायचाय. एखाद्या जर्नलने २०२२ मध्ये ४५ आणि २०२३ मध्ये ५५ लेख छापले, मिळून १००. या दोन वर्षांतल्या मजकुराचा २०२४ मध्ये इतर पेपरांनी २३० वेळा संदर्भ दिला. २३० भागिले १००, म्हणजे २.३. यात एक खाच आहे ती लक्षात ठेवा. खाली भाजकात फक्त संशोधन लेख आणि रिव्ह्यू लेख धरतात. वर मात्र संपादकीय, वाचकांची पत्रं, टिपणं, सगळ्यांना आलेले संदर्भ धरले जातात. त्यामुळे संपादकीयं आणि चर्चात्मक मजकूर भरपूर छापणाऱ्या जर्नलांचा आकडा आपोआप वर जातो. रिव्ह्यू लेखांना संदर्भ जास्त येतात, म्हणून रिव्ह्यू जास्त छापले तरी तो वर जातो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही सरासरी आहे, आणि सायटेशनचं वाटप कमालीचं असमान असतं. पेर सेग्लेन या नॉर्वेजियन संशोधकाने १९९७ मध्ये दाखवलं की जर्नलमधल्या वरच्या १५ टक्के लेखांना मिळून निम्मे संदर्भ मिळालेले असतात. वर्गाची सरासरी ७० आली म्हणून मागच्या बाकावरच्या मुलीला किती पडले ते कळत नाही, तसंच हे आहे. आणि कधी कधी एकच लेख अख्खं जर्नल उचलतो. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या ए विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ साली २.०५१ होता. २००९ चा आला ४९.९२६. जर्नलमध्ये काहीच बदललं नव्हतं. जॉर्ज शेल्ड्रिक यांनी स्फटिकरचना काढण्याच्या आपल्या सॉफ्टवेअरविषयी २००८ मध्ये तिथे एक लेख लिहिला आणि ते सॉफ्टवेअर वापरणारा प्रत्येक जण त्याचा संदर्भ देऊ लागला. दोन वर्षांच्या मुदतीतून तो लेख बाहेर पडला आणि २०११ चा आकडा परत २ च्या आसपास आला. मधल्या काळात तिथे छापलेल्या इतर लेखकांच्या बायोडेटावर मात्र जवळजवळ ५० चा इम्पॅक्ट फॅक्टर लागला असणार. त्यांच्या कामाशी त्याचा काय संबंध?

क्यू-वनबद्दल. क्यू-वन म्हणजे विषयगटातल्या जर्नलांची आकड्यानुसार उतरंड लावून तिचे चार भाग केले तर वरचा पाव भाग. गाइडना नम्रपणे विचारा, सर, कोणाचा क्यू-वन? क्लॅरिव्हेटचे क्वार्टाइल वेगळे, स्पेनच्या सिमॅगोचे वेगळे. सिमॅगो स्कोपस या एल्सव्हियर कंपनीच्या सूचीची माहिती वापरतं आणि नुसते संदर्भ न मोजता संदर्भ देणाऱ्या जर्नलचं वजनही धरतं. शिवाय एकच जर्नल दोन-तीन विषयगटांत असतं. अन्नविज्ञानात ते दुसऱ्या पावात असेल आणि पोषणात तिसऱ्या. तुमच्या विषयात हे सर्रास होतं. म्हणून विभागाच्या फॉर्मवर नुसतं ‘क्यू-वन’ लिहू नका. कोणत्या सूचीत, कोणत्या गटात, कोणत्या वर्षी, हे तिन्ही लिहा. स्कोपसचा स्वतःचा साइटस्कोर हा आणखी वेगळा आकडा, तो चार वर्षांचा हिशेब धरतो. त्यामुळे एकाच जर्नलचा साइटस्कोर ५ आणि इम्पॅक्ट फॅक्टर ३ असू शकतो आणि दोन्ही खरे असतात. जाहिरातीत अर्थात मोठा तेवढा छापतात.

गाइडची अट मोडा असं मी सुचवत नाही. पदोन्नतीचे, अनुदानाचे फॉर्म असेच असतात आणि गाइडना तुमचं भलंच हवंय. फक्त निवडीचा क्रम बदला. आधी वाचक कोण ते ठरवा, मग त्या वाचकांच्या जर्नलांत वरचं कोणतं ते बघा. तुमच्या पेपरची संदर्भसूची काढा आणि त्यात कोणती जर्नलं पुन्हा पुन्हा आली आहेत त्यांवर पेन्सिलीने खुणा करा. ग्रॉस आणि ग्रॉस यांनी केलं तेच, तुमच्या एका पेपरपुरतं. ज्यांचं काम तुम्ही वाचून पुढे नेलंत, ते लोक तिथेच वाचतात.

आता एच-इंडेक्स. होर्गे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ मध्ये सुचवला. पेपर संदर्भांच्या उतरत्या क्रमाने लावायचे. समजा तुमच्या सहा पेपरांना ३१, १२, ७, ४, ३ आणि ० संदर्भ आहेत. चौथ्या पेपरला ४ आहेत, पाचव्याला ५ नाहीत, म्हणून एच-इंडेक्स ४. पहिल्या पेपरला ३१ ऐवजी ३१० आले असते तरी ४ च राहिला असता. हा आकडा कधी खाली येत नाही, वयाबरोबर वाढतच जातो, आणि पंधरा लेखकांच्या पेपरातल्या प्रत्येकाला सारखंच श्रेय देतो. शिवाय गूगल स्कॉलर, स्कोपस आणि क्लॅरिव्हेटची सूची वेब ऑफ सायन्स यांवर एकाच माणसाचे तीन वेगळे एच-इंडेक्स निघतात, कारण तिघांची झोळी वेगळी. गूगल स्कॉलर थिसिस, परिषदेतले पेपर, कुठेतरी चढवलेल्या पीडीएफ, सगळं धरतं, म्हणून तिथला आकडा बहुधा सगळ्यात मोठा असतो. नामसाधर्म्याने दुसऱ्याचे पेपरही तुमच्या प्रोफाइलवर येऊन बसतात. मराठी आडनावांत हे फार होतं. आपलं प्रोफाइल एकदा उघडून साफ करा आणि ऑर्किड हा संशोधकाचा ओळखक्रमांक काढून तो प्रत्येक पेपरवर द्या.

मावसभावाच्या प्रश्नावर मला जरा थांबावंसं वाटतं, कारण घरातल्या त्या बोलण्यात त्याच्यावर खरोखर अन्याय होतो आहे. आपल्याच शहरातलं प्राच्यविद्या मंदिर, ही संस्कृत हस्तलिखितांची संशोधनसंस्था, घ्या. गायकवाड ओरिएंटल सीरिजचा पहिला ग्रंथ, राजशेखराची ‘काव्यमीमांसा’, १९१६ साली निघाला. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती तिथे १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झाली. हस्तलिखितं मिळवून, श्लोकागणिक पाठभेद लावून. रामायणावर गंभीरपणे लिहिणाऱ्याला त्या आवृत्तीशिवाय पाऊल टाकता येत नाही. आता तिचा इम्पॅक्ट फॅक्टर काढायला बसा. तो निघतच नाही. ती जर्नल नाही, ग्रंथ आहे. तिचे संदर्भ येतात ते बहुतेक दुसऱ्या ग्रंथांत, आणि ग्रंथांतले संदर्भ या सूच्यांत अपुरेच नोंदले जातात. कोणी ‘वा.रा.’ आणि श्लोकक्रमांक एवढंच लिहितं, ते संगणकाला जुळत नाही. मराठी, गुजराती, हिंदीतले लेख तर बहुतांशी सूचीबाहेरच असतात. आणि ज्या आवृत्तीचा उपयोग पन्नास वर्षं होतो, तिला दोन वर्षांच्या मुदतीत काय सापडणार? कलाशाखेच्या सूचीतल्या जर्नलांना तर क्लॅरिव्हेटने २०२३ पर्यंत इम्पॅक्ट फॅक्टर दिलाच नव्हता. त्याच्या विषयात एका पोथीचा पाठ नक्की करायला वर्षं जातात. पोषणशास्त्रात एका पेपरला चाळीस-पन्नास संदर्भ आणि त्यातले बरेच अलीकडचे असतात. म्हणून तुमचे आकडे वाढतात. विषय सोडून दोघांचे एच-इंडेक्स शेजारी ठेवणं चूकच आहे, मग ते घरी असो की निवड समितीत.

तुमच्या विषयातही संदर्भ जास्त म्हणजे काम मोठं, हे दर वेळी खरं नसतं. लॅबमध्ये तुम्ही लोरी पद्धतीने प्रथिनं मोजली असतील. ऑलिव्हर लोरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा तो पेपर जगातला सर्वाधिक संदर्भ मिळालेला पेपर मानला जातो, ३ लाखांहून अधिक. लोरींनी स्वतःच म्हणून ठेवलंय की तो काही थोर पेपर नाही. पद्धत रोज लागते, म्हणून संदर्भ येतात. उलट एखाद्या पेपरचा संदर्भ ‘हे निष्कर्ष पुन्हा तपासले असता मिळाले नाहीत’ अशा वाक्यातही येतो आणि मोजणीत तोही एकच धरला जातो. म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या पेपरचे संदर्भ उघडून वाचायला लावते. तुमच्या ३१ संदर्भांच्या पेपरचंच करा. ‘साइटेड बाय’वर टिचकी मारा आणि प्रत्येक पेपरात तुमचं नाव कोणत्या परिच्छेदात आलंय ते बघा. प्रस्तावनेतल्या ‘अनेकांनी यावर काम केलं आहे’ अशा ओळीत सात नावांच्या माळेत आलंय, की पद्धतीच्या भागात ‘यांच्या प्रश्नावलीचा वापर केला’ असं आलंय, की तुमच्या निष्कर्षाशी कोणी वाद घातलाय? एका दुपारचं काम आहे. मुलाखतीत ‘माझा एच-इंडेक्स ४ आहे’ म्हणण्यापेक्षा ‘माझी आहार-प्रश्नावली दुसऱ्या राज्यातल्या गटाने आपल्या पाहणीत वापरली’ हे वाक्य कितीतरी वजनदार ठरतं.

यूजीसीबद्दलही (विद्यापीठ अनुदान आयोग) संभ्रम आहे, तो दूर करते. यूजीसीच्या २०१७ च्या मान्यताप्राप्त जर्नलांच्या यादीतून मे २०१८ मध्ये ४,३०५ जर्नलं एकदम वगळली गेली. मग तिच्या जागी यूजीसीचीच केअर नावाची यादी आली. ती यादीही यूजीसीने बंद केल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं आणि जर्नलची पारख करण्याची जबाबदारी, काही निकष सुचवून, संस्थांवर सोपवली. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठी पेपर छापण्याची देशपातळीवरची सक्तीही काढली, पण विद्यापीठं स्वतःची अट ठेवू शकतात. तेव्हा ‘यूजीसी अप्रूव्हड’ असं आज कोणी जाहिरातीत लिहीत असेल तर त्याला काही अर्थ उरलेला नाही. तुमच्या विभागाची अट काय आहे ते लेखी मागून घ्या.

पारख प्रत्यक्षात कशी करायची? जर्नलच्या पानावरचा कोणताही शिक्का खरा मानू नका, शिक्का ज्याचा त्याच्याकडे जाऊन बघा. आयएसएसएन क्रमांक कॉपी करा आणि क्लॅरिव्हेटच्या मास्टर जर्नल लिस्टमध्ये व स्कोपसच्या सोर्सेस पानावर टाका. दोन्ही फुकट बघता येतात. नावाने शोधू नका, नावं मुद्दाम सारखी ठेवलेली असतात. स्कोपसवर नाव सापडलं तरी नोंद कोणत्या वर्षापर्यंत आहे ते बघा, बरीच जर्नलं मध्येच काढून टाकलेली असतात. मार्च २०२३ मध्ये क्लॅरिव्हेटनेही वेब ऑफ सायन्समधून भलीमोठी, चांगला इम्पॅक्ट फॅक्टर असलेली जर्नलं वगळली. म्हणून पेपर पाठवायच्या दिवशी पुन्हा एकदा तपासा. नोंदीतून जर्नलच्या संकेतस्थळाचा पत्ता घ्या आणि ईमेलमधल्या पत्त्याशी ताडून पहा, कारण खऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन चोरून बनावट संकेतस्थळं चालवली जातात. मुक्त प्रवेशाचं असेल तर डीओएजे या निर्देशिकेत बघा. आयएसएसएन म्हणजे फक्त ओळखक्रमांक. डीओआय म्हणजे कायमचा पत्ता. गूगल स्कॉलरवर दिसणं म्हणजे पान संगणकाला सापडलं, एवढंच. यातलं काहीही दर्जाचं प्रमाणपत्र नाही, पण ईमेलमध्ये तिन्ही ठळक अक्षरांत लिहिलेले असतात.

मग ताज्या अंकातले तुमच्या विषयाचे दोन-तीन लेख पूर्ण वाचा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि नेमकं हेच कोणी करत नाही. नमुना किती, नैतिक समितीची परवानगी नोंदली आहे का, तक्त्यातल्या बेरजा जुळतात का, हे तुम्हाला कोणत्याही निर्देशांकापेक्षा चांगलं कळतं. पोषणाच्या जर्नलमध्ये मध्येच पुलाच्या बांधकामावरचा आणि शेअर बाजारावरचा लेख दिसला तर तिथेच थांबा. पैशाअभावी अंक वाचता येत नाहीत ही अडचणही आता बरीच कमी झाली आहे. जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या योजनेतून सरकारी विद्यापीठांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं मिळतात आणि तिचं काम गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राकडे आहे. तुमचं लॉगिन सुरू नसेल तर ग्रंथालयात सांगा, ते करून देणं आमचं काम आहे.

एक धोका पुढे येईल तोही सांगते. समीक्षक किंवा संपादक कधी कधी ‘आमच्या जर्नलमधले हे चार लेख संदर्भात घ्या’ म्हणतात. तुमच्या विषयाला लागू असतील तर जरूर घ्या. नसतील तर उत्तरपत्रात सभ्यपणे लिहा की लेख वाचले, पण प्रस्तुत मुद्द्याशी संबंध दिसला नाही. नवख्यांना वाटतं की पेपर नाकारतील. नाकारला तर नाकारू द्या. अशा संदर्भांनीच आकडे फुगतात, आणि पकडलं गेल्यावर जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर गोठवला जातो तेव्हा तुमच्या पेपरवरही डाग राहतो.

या पेपरचं आता असं करा. संदर्भसूचीतून निघालेली तीन जर्नलं एका कागदावर लिहा. प्रत्येकासमोर सूची, गट, वर्ष, क्वार्टाइल, फी आणि अलीकडच्या लेखांवर छापलेल्या ‘मिळाल्याची’ व ‘स्वीकारल्याची’ तारखांमधलं अंतर नोंदवा. शिष्यवृत्तीची मुदत असेल तर ते अंतर फार उपयोगी पडतं. तो कागद घेऊन गाइडकडे जा आणि क्रम दोघांनी मिळून ठरवा. पहिल्याने नाकारलं तर समीक्षकांच्या शेऱ्यांप्रमाणे दुरुस्ती करून दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. एकाच वेळी दोघांकडे मात्र कधीच नाही.